विहिणीचे पाय

लग्नात मुलीकडच्यांनी मुलाच्या आईचे पाय धुवायचे, ही आपली जुनी रीत. विजयमालाबाई मुलाच्या आई, पण त्यांच्या घरी सगळंच नवं. त्यांच्या लेकीने, रुचिकाने, वाशिमात नखांचं पार्लर टाकलं होतं. "आमी उलटं करून राह्यलो, ईनबाई," त्या विहिणीला, कस्तुराबाईंना, फोनवर म्हणाल्या. "लग्नाआधी तुमचे पाय आमी धुनार. निकिताचे नखंही होऊन जातीन." असला मान कोण नाकारणार? कस्तुराबाई लेकीला, निकिताला, घेऊन अनसिंगहून आल्या आणि मानाच्या खुर्चीत बसल्या. बसल्या कसल्या, अडकल्या.

कारण कस्तुराबाईंना साखर होती आणि या घरापासून ती लपवलेली होती. निकिताचं आधीचं स्थळ त्यापायीच मोडलं. "मायले साखर हाय, उद्या पोरीलेही होईन," म्हणत ती मंडळी चहा न घेता उठली होती. तेव्हापासून कस्तुराबाईंच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात राहायला गेल्या. आजही पार्लरात पाऊल ठेवताच पेढा समोर आला. तो त्यांनी हसत हसत गिळला.

पेढ्याचं एकवेळ निभावलं असतं, पण पायाचं काय? त्यांच्या भावाला, जगदेवला, साखरच होती आणि नख काढताना जरासं लागलं होतं. आधी अंगठा गेला, मग अख्खं पाऊल. डॉक्टरांनी कस्तुराबाईंना बजावून सांगितलं होतं की नखांना दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. त्यांच्या पायांची जाण आताशा कमीच झाली होती. चालता चालता चप्पल मागे राहिली तरी त्यांना पत्ता लागत नसे.

त्यात समोरचा प्रकार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आधीच्या बाईच्या अंगठ्याचं नख पिवळं पडून सुटत आलं होतं. रुचिकाने कटरने त्याचा कोपरा कोरला, कटर टॉवेलला पुसला आणि वाटीत ठेवला. बाई गेली, पण टबातलं पाणी गेलं नाही. त्यातच गरम पाणी ओतून रुचिकाने वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. वरून फुलं आणि खाली घाण, असा आपल्याकडचा पाहुणचार.

"त्या बाईच्या नखाले काय झालतं व?" कस्तुराबाईंनी जपून विचारलं.

"काही नाई मावशी, बुरशी होती. साफ केली म्या."

"मंग ते कटर धुतलं नाई तू?"

रुचिकाचा चेहरा उतरला. विजयमालाबाई सोफ्यावरून हसल्या, पण ते हसणं वरवरचं होतं. "ईनबाई, आमच्या पोरीच्या कामात खोट काढता काय?"

"नाई व बाप्पा! माहे पाय लै फाटेल हायेत, म्हून लाज वाटते."

"लाज कायची? ठेवा पाय."

कस्तुराबाईंनी पाय पाण्यात ठेवले. शेजारच्या खुर्चीत निकिताचे दोन्ही हात नखं वाळवायच्या दिव्याखाली होते. ती आईकडे वाकली. "आई, मी सांगू का?"

"गप बस. नखं वाळू दे."

"काय सांगून राह्यली ते?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"काही नाई. भूक लागली तिले."

लगेच पुन्हा पेढे आले.

रुचिकाने वाटीतला तोच कटर उचलला. कस्तुराबाईंनी डोळे गच्च मिटले. आता एकच वाट उरली होती. जरा दुखलं की ओरडायचं, पाय मागे घ्यायचे, म्हणजे मानही राहील आणि पायही. म्हणून त्या दुखण्याची वाट पाहू लागल्या. एक पाय झाला, दुसरा झाला, दोन्ही पुन्हा पाण्यात गेले. दुखलंच नाही. देव पावला, असं त्यांना वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला.

"आई, रक्त!" निकिता ओरडली.

त्यांनी डोळे उघडले. पाकळ्यांखालचं पाणी लाल होत चाललं होतं. रुचिका कटर हातात धरून बसली होती. विजयमालाबाई उठून टबाजवळ आल्या.

"एवढं लागलं, अन् तुमी काही बोलल्या नाई?"

सगळ्यांचे डोळे कस्तुराबाईंच्या तोंडावर होते. आता दुखायलाच हवं होतं.

"आई गं!" त्या किंचाळल्या आणि एक पाय पाण्यातून उचलून त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

तो डावा पाय होता. त्याला कुठेही ओरखडा नव्हता.

विजयमालाबाई वाकल्या. त्यांनी टबात हात घालून उजवा पाय वर काढला. अंगठ्यातून रक्ताची धार लागली होती. पदराने अंगठा दाबून धरत त्यांनी वर पाहिलं.

"साखर कधीपासून हाय, ईनबाई?"

कस्तुराबाई अजून डावाच पाय धरून बसल्या होत्या.