पहिला ठोका माझा

मी ड्रम बोलतोय. थांबा, गैरसमज नको. ‘गुरुवार सुट्टी’ हा अल्बम ऐकून तुम्ही ज्याच्या नावानं माना डोलावता, तो ‘दुसरा ड्रमर’ मी नव्हे. मी पहिला. भोसरी एमआयडीसीत अय्याजच्या टू-व्हीलर गॅरेजात, जुन्या टायरांशेजारी, डोक्यावर चहाचे ग्लास घेऊन जो बसलाय ना, तो.

माझा जन्म मेरठचा. पितळी अंग, वरखाली ताणलेला पडदा आणि पोटाखाली तारांचा पट्टा. त्या तारांमुळे माझा आवाज कडक. काडी पडली की आख्ख्या गल्लीला कळतं. तिथून मी चिंचवडच्या एका बँडपथकात आलो आणि बरीच वर्षं लोकांची लग्नं वाजवली. वरातीत लोक नाचायचे माझ्यावर, आणि नोटा ओवाळायचे ट्रम्पेटवाल्यावर. माझं हे दुखणं तेव्हापासूनचं आहे, लपवत नाही.

पुढं डीजे आले, पथक मोडलं. मला गळ्यात अडकवणाऱ्या मामानं मला भाच्याच्या हवाली केलं. भाचा म्हणजे अय्याज. तेव्हा विशीतला पोरगा, थोरल्या भावाच्या शेडमध्ये वेल्डिंग करायचा. त्यानं चौकोनी पाइप कापून मला स्टँड करून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या गळ्यात न लटकता उभा राहिलो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

अय्याजचा दोस्त दिग्विजय. त्याच्याकडं लाल गिटार होती. दिसायला देखणी, आणि तिला ते ठाऊक होतं. दोघं कामावरून सुटले की शेडमध्ये वाजवत बसायचे. ठरवून काही नाही. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं मागून जायचं. एक दिवस दिग्विजय म्हणाला, “राव, हे टेप करू या.”

आता एमआयडीसीत टेप कधी करणार? बाकी जगाला रविवारची सुट्टी, आम्हाला गुरुवारची. गुरुवारी सगळ्या शेडची शटरं खाली, लेथ बंद, ग्राइंडर बंद, कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध पाय ताणून झोपतात. म्हणून गुरुवार ठरला. स्टुलावर मागून आणलेला टेपरेकॉर्डर ठेवला, कॅसेट घातली, बटण दाबलं. मी जरा खाकरून घेतलं आणि सुरुवात केली.

आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडून आवाज आला. धप्प.

शेजारी दत्तोबांची शेड होती. पॉवर प्रेसवर पत्र्याचे तुकडे कापायचं काम. दत्तोबांचा माल अर्जंट असला की सुट्टीच्या दिवशीही शटर अर्धं ओढून आत काम चालायचं. ही गोष्ट एमआयडीसीतल्या शेंबड्या पोराला माहीत, पण आमच्या दोन कलावंतांच्या डोक्यात आली नाही.

अय्याजनं काडी थांबवली. “काय करायचं?”

“थांबलो तर गुरुवार गेला,” दिग्विजय म्हणाला. “परत टेपरेकॉर्डर कोण देणार? वाजव.”

वाजवलं. पायानं वाजवायचा मोठा ड्रम आमच्याकडं नव्हता, ती जागा मोकळी होती. आयत्या बिळावर नागोबा, तसा तो प्रेस तिथं येऊन बसला. मी कड्, तो धप्प. मी कड्, तो धप्प. मधे एकदा घामानं अय्याजच्या हातातली काडी सुटून मशीनखाली गेली. तो ती शोधत होता तेवढा वेळ गिटार एकटीच वाजली. काडी सापडली, परत सुरू झालो. कॅसेट संपेस्तोवर हे असं चाललं.

दिग्विजयनं थोड्या कॅसेटी भरून घेतल्या, वर पेननं ‘गुरुवार सुट्टी, अय्याज-दिग्विजय, भोसरी’ असं लिहिलं आणि मित्रांना वाटल्या. कुणी परत मागितली नाही. दिग्विजय कॅनडाला गेला, लाल गिटार घेऊन. अय्याजचं जमिलाशी लग्न झालं, भावापासून वेगळा होऊन त्यानं गॅरेज टाकलं. मला बरोबर आणलं, एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे. पण काडी हातात घेतली नाही. हळूहळू माझ्या डोक्यावर आधी पाने आले, मग ऑइलचा डबा, मग चहा.

असा मी गंजत असताना कुणीतरी जुन्या बाजारात ती कॅसेट उचलली आणि इंटरनेटवर टाकली. आणि एका गुरुवारी संध्याकाळी दोन तरुण मंडळी पत्ता काढत गॅरेजात येऊन उभी. प्रज्वल तळवड्याच्या आयटी पार्कातला. वर्षाली चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. दोघांना ‘गुरुवार सुट्टी’ तोंडपाठ. त्यांना आणि त्यांच्यासारख्या काही वेड्यांना वर्गणी काढून तिची मोठी काळी रेकॉर्ड छापायची होती. अय्याजला खरं वाटेना. मी तर ग्लासांसकट शहारलो.

त्यानंतर दर गुरुवारी ते यायचे आणि भांडायचे.

“खरं सांगू काका?” प्रज्वल म्हणायचा. “पहिली दहा मिनिटं उडवली पाहिजेत. नुसते चाचपडताय तुम्ही.”

“असं न ठरवता चाचपडत वाजवणं म्हणजेच जॅम, बाबा,” वर्षाली म्हणायची. “तुला ताटात वाढलेली भाजी पाहिजे. मला फोडणी ऐकायचीय.”

“फोडणी जळलीय त्यांची.”

अय्याज हसायचा. मीही हसलो असतो. पण मग वर्षाली म्हणाली, “मला तर त्या दुसऱ्या ड्रमरसाठी ऐकावंसं वाटतं. काय संयम आहे. पहिला आपला घाईत असतो. दुसरा त्याच्या किंचित मागून येतो, आणि दर वेळी तेवढाच मागून. आणि मधे दोघं एकदम थांबतात ती जागा! लोक त्या जागेवर पानंच्या पानं लिहितात. कोण होते ते काका?”

पहिला घाईत. म्हणजे मी. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू.

अय्याजनं हातातला पाना खाली ठेवला. “दुसरा कुणी नव्हता गं. दत्तोबांचा पॉवर प्रेस होता तो.”

प्रज्वलनं टाळी वाजवली. “मग प्रश्नच मिटला. सॉफ्टवेअरनं तो आवाज वेगळा काढता येतो. रेकॉर्ड छापतोच आहोत तर स्वच्छ छापू.”

पोरगं एकदम आवडलं मला. पण वर्षाली कुठली ऐकतेय. “प्रेस आपोआप पडत नाही. आमच्याकडं आहे तसला एक जुना. दर ठोक्याला पाय मारावा लागतो. म्हणजे माणूस होता तिथं.”

“होता, पण कामावर होता. गाण्यावर नव्हता.”

“तुला काय माहीत?”

झालं. जगभरातल्या त्या मूठभर चाहत्यांत दोन तट पडले. साफवाले म्हणत, काढा. प्रेसवाले म्हणत, हात लावाल तर याद राखा. आणि या सगळ्या भांडणात माझं नाव कुणी घेतंय? कुणी नाही. एवढा वेळ मी घाम गाळला, आणि कौतुक शेजारच्या लोखंडाचं. मी त्या प्रेसला पाण्यात पाहत होतो. तो निघावा, धुऊन पुसून निघावा, आणि लोकांना एकदाचा मी ऐकू यावा, एवढं एकच मागणं होतं माझं.

अय्याजलाही ते लागलं होतं. जमिला डबा घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, “आयुष्यात एकदा मनापासून वाजवलं. इतक्या वर्षांनी लोक ऐकतायत, तर टाळ्या मशीनला.”

“मशीनला कशाला?” जमिला म्हणाली. “दत्तोबांच्या प्रेसवर सुभद्रामावशी असायची. लांडेवाडीत आम्ही एका नळावर पाणी भरायचो. अजून तिथंच राहते ती. विचारा तिलाच.”

“काय विचारू? माझ्या गाण्यात का घुसलीस म्हणून?”

जमिलानं डबा ठेवला आणि गेली.

पुढच्या गुरुवारी फैसला होता. प्रज्वलनं लॅपटॉप आणला, दोन स्पीकर आणले. आधी साफ केलेलं लावलं. आणि काय सांगू, फक्त मी होतो. मी आणि गिटार. मधे कुणी लुडबुड करणारं नाही. माझी एकेक तार ऐकू येत होती. अय्याजनं मान खाली घातली होती, पण त्याची बोटं मांडीवर चालत होती. वर्षालीचा चेहरा पडला. “चांगलं आहे,” ती म्हणाली. “पण कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतंय.”

मी मनात म्हटलं, गेलं ते बरं झालं.

तेवढ्यात जमिला आली, आणि तिच्यामागून नऊवारीतली एक म्हातारी. सुभद्राबाई. अय्याज गडबडून उठला, त्यानं खुर्ची दिली. खुर्ची नेमकी माझ्या शेजारी. चोरानंच शेजारी येऊन बसावं तसं झालं मला. प्रज्वलनं तिला नमस्कार केला आणि जुनं, प्रेससकटचं लावलं.

बाई आधी नुसती ऐकत होती. मग तिचा उजवा हात पदरातून बाहेर आला, पुढं गेला, मागं आला, आणि चपलेतला पाय जमिनीवर पडला. स्पीकरमधून आवाज आला, धप्प. परत हात पुढं, हात मागं, पाय. धप्प. तिला स्वतःला ते कळत होतं की नाही कोण जाणे. वर्षालीनं प्रज्वलचं मनगट धरलं.

“ह्यो आवाज मला ठावं हाय,” बाई म्हणाली. “पल्याडच्या शेडात वाजायचा. ती कडकड.”

“मावशी, तुम्ही त्याच्या तालावर प्रेस मारत होता?” वर्षालीनं विचारलं.

“तालातलं मला काय कळतंय बाई. पत्रा ठिवायचा, हात काढायचा, मग पाय मारायचा. दिसभर त्येच. दुपारच्याला डोळ्यावर झापड येती. हात आत ऱ्हातो आन पाय जातो. माझ्या संगतीच्या किती जनींचं तसंच झालं. सुट्टीच्या दिशी तर आजूबाजूला चिटपाखरू नसायचं, लई भ्या वाटायचं. त्या दिशी ह्यो वाजाया लागला. म्हनलं, आता ह्येच्या भरवशावर. ह्यो वाजला की हात भाईर. हात भाईर आला की पाय. ह्यो वाजल्याबिगर पाय हलवायचा न्हाई.”

मग वर्षाली हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे तो ठोका मागून येतो, तो...”

“हात काढाया येळ लागतो की.”

“आणि मधे एकदम थांबलात, ते?”

“ह्योच थांबला. मग मी बी थांबले. दत्तोबा वरडत आला, काम का बंद म्हनून. म्हनलं, थांबा जरा. वाजू द्या त्याला.” बाई अय्याजकडं वळली. “तूच व्हय रं त्यो?”

“व्हय मावशी.” अय्याज पुढं झाला. “काडी पडली होती माझी.”

“आन वाजत काय हुतं?”

अय्याज माझ्याजवळ आला. डोक्यावरचे ग्लास उचलून त्यानं जमिनीवर ठेवले, खिशातल्या रुमालानं माझा पडदा पुसला आणि मला बाईच्या पुढ्यात ठेवलं. तिनं दोन्ही हात माझ्यावर टेकले. दत्तोबांच्या शेडमधले हात मी पुष्कळ पाहिलेत, जाता-येता आमच्या दारात पाणी प्यायला थांबायचे ते लोक. कुणाचं एक बोट नसे, कुणाची दोन. बाईची माझ्या पडद्यावर दहाच्या दहा टेकली होती.

इतकी वर्षं मी तिला चोर समजत होतो. माझा एकेक ठोका कान देऊन ऐकणारी ती एकटी होती.

प्रज्वलनं साफ केलेलं पुसून टाकलं. कुणाला सांगावं लागलं नाही. जमिला सगळ्यांना चहा घेऊन आली, आणि ग्लास ठेवायला माझ्याकडं वळली, तर अय्याज म्हणाला, “तिथं नको.”

रेकॉर्ड छापून आली. पाकिटावर लिहिलंय, गिटार दिग्विजय, ड्रम अय्याज, प्रेस सुभद्राबाई. माझं नाव नाही. आत मोठा फोटो छापलाय तोही बाईंचा, मी कोपऱ्यात अर्धा दिसतो. जळतो का? जळतो की. स्वभावाला औषध नाही. पण आता गुरुवारी कधीमधी अय्याज शटर अर्धं ओढून काडी हातात घेतो, तेव्हा मी घाई करत नाही.

तुमच्या हाती ती रेकॉर्ड पडलीच तर एवढं करा. दुसऱ्या ड्रमरचं खुशाल कौतुक करा, पण आधी माझा ठोका ऐका. आणि तो ऐकला की जरा थांबा. तिला हात काढू द्या.