एवारिस्तोच्या दारातला खलनायक

माझा भाऊ एवारिस्तो न्हावी आहे. पण आमच्या इटलीतल्या पार्मा शहरात न्हावी आधी ऑपेराचा न्यायाधीश असतो आणि उरलेल्या वेळात दाढ्या करतो. थिएटरच्या सगळ्यात वरच्या गॅलरीत त्याची जागा ठरलेली. आमच्याकडे शिट्टी म्हणजे शिवीच. त्या गॅलरीतून ती वाजली की गाणाऱ्याने खुशाल बोचकं बांधावं.

अशा माणसाच्या मुलीवर, आमच्या देझोलिनावर, ओलिंदोचा जीव जडला. ओलिंदो ऑपेरात खलनायक गायचा. आवाज भरदार, छाती रुंद, आणि स्वभाव म्हणाल तर अगदी गरीब गाय. रस्त्यात बदक अंगावर आलं तर हा बदकाचीच माफी मागणार.

तो मागणी घालायला दुकानात आला, तेव्हा एवारिस्तो वस्तऱ्याला धार लावत होता.

"तू म्हणे दुष्टाची कामं करतोस?"

"करतो, सिन्योर एवारिस्तो."

"तुझ्या तोंडाकडे बघून तर वाटत नाही. ऐक, रविवारी तुझा खेळ आहे ना? तुला बघून माझ्या मस्तकात तिडीक गेली पाहिजे. गेली तर मुलगी तुझी. नाहीतर मी शिट्टी वाजवणार, आणि मी वाजवली की अख्खी गॅलरी वाजवते."

देझोलिनाची झोप उडाली. मला म्हणाली, "आत्या, त्याचा राग येणं फार अवघड आहे गं. मी करून बघितलंय."

रविवारी दुपारी आम्ही गॅलरीत बसलो. गोष्ट अशी, की एक सुभेदार एका पोरीला म्हणतो, माझ्याशी लग्न कर, तुझ्या बापाला सोडतो. ती बिचारी हो म्हणते आणि हा बापाला फासावर चढवतो. मी डरकाळीची वाट बघत होते. ओलिंदोने आवाज चढवलाच नाही. म्हातारा पाया पडतोय आणि हा समोर बसून नाशपाती सोलतोय, सावकाश, साल तुटू न देता. फाशीचा हुकूमही त्याने अंगाई म्हणावी तसा गायला आणि एक फोड तोंडात टाकली. माझ्या अंगावर काटा आला. शेजारची पाववाली म्हणाली, "उद्यापासून या मेल्याला पाव देणार नाही."

एवारिस्तो लालबुंद होऊन उभा राहिला. शिट्टी वगैरे पार विसरला होता. "हरामखोरा, सोड त्या म्हाताऱ्याला," तो ओरडला, आणि मग गॅलरीने टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. देझोलिना माझ्या गळ्यात पडून रडली. मलाही वाटलं, जिंकलं पोराने.

संध्याकाळी मी रश्शातल्या आनोलिनी, सारण भरलेल्या कणकेच्या चकत्या, वाढायला घेतल्या, तोवर ओलिंदो आला. नवा कोट, हातात फुलं. एवारिस्तोने दार अर्धंच उघडलं.

"काय काम आहे?"

"सिन्योर, तुम्ही शब्द दिला होता."

"या माणसाला मी मुलगी देऊ? हा काय चीज आहे ते आज डोळ्यांनी बघितलंय मी."

"बाबा, ते नाटक होतं," देझोलिना रडकुंडीला आली. "आणि शेवटी तो सुभेदार मेला ना?"

"मेला, तर मग पडद्यापुढे येऊन वाकलं कोण?"

मला हसू फुटणार होतं, पण पोरीचा चेहरा बघून मी ते आवरलं. एवारिस्तो मस्करी करत नव्हता. त्याने दार पायाने अडवून धरलं होतं.

ओलिंदोने फुलं उंबऱ्यावर ठेवली. "देझोलिना, वाद घालू नकोस. त्यांना त्रास होतोय. मी जातो, तुमचा रस्सा गार होईल." आणि खरंच पायऱ्या उतरून चालू लागला.

एवारिस्तो त्याच्या पाठीकडे बघत राहिला. "तो सुभेदार असता," तो पुटपुटला, "तर मला ढकलून आत आला असता."

मग गळ्यातल्या रुमालासकट, सपाता फटफटवत तो रस्त्यावर धावला आणि ओलिंदोला बाहीला धरून घेऊन आला. खुर्ची ओढून म्हणाला, "इथे बस, माझ्या शेजारी. देझोलिनाजवळ उद्यापासून बस. आज अजून मला तुझी थोडी भीती वाटतेय."