ढवळीच्या गव्हाणीतल्या गाठी

मी एक जुनी पाटी आहे. दगडी पाटी नव्हे बरं, मित्रांनो. माझ्यावर कुणी अ-आ-इ-ई गिरवलेलं नाही. मी बांबूची, भाजी वाहणारी पाटी. काठ विसविशीत झालाय, एका बाजूची वीण सुटलीये, आणि स्वभावाने म्हणाल तर मी भित्री. जन्मतः तशी नव्हते. कशी झाले, तेच सांगते.

माझा जन्म हरसूलकडचा. नवसाबाई नावाच्या बाईने हिरवा बांबू तासून माझ्या कामट्या काढल्या, मला विणलं आणि आठवडे बाजारात मांडलं. तिथे अंबूबाईने मला दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, काठावर गुडघा टेकवला. मी कुरकुरले नाही, तेव्हा कुठे घरी आणलं. घर शहराला लागूनच, पाथर्डीच्या शिवारात. भाजीपाल्याचा तुकडा, अंबूबाई, तिची सून छाया आणि गोठ्यात ढवळी नावाची गाय. आल्या आल्या छायाने ढवळीचं शेण कालवून मला आतून-बाहेरून सारवलं. म्हणजे फटी बुजतात आणि कोथिंबीर गळत नाही. तो वास अंगात मुरला आणि ढवळी माझी झाली. दरसाल मी तिच्याच शेणाने नटायची.

काम सोपं होतं. सकाळी भरून जायचं आणि दुपारी भरूनच परत यायचं. अंबूबाई मला डोक्यावरच्या चुंबळीवर घेऊन शहरातल्या इंदिरानगरच्या कॉलन्यांमधून फिरायची. बायका कापडी पिशव्या घेऊन दारात यायच्या. एकीची पिशवी जुन्या पॅन्टच्या पायाची, दुसरीची फाटक्या पडद्याची. लागेल तेवढंच घ्यायच्या. परतीच्या वाटेवर त्याच बायका मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे देठ, मटारची टरफलं माझ्यात टाकायच्या. वत्सलाबाई म्हणून एक होत्या, त्या तर "ढवळी कशी आहे?" असं विचारल्याशिवाय भाजीचा भाव करत नसत. शहराचा पाला ढवळीच्या पोटात जायचा, तिचं शेण शेतात आणि शेतातली मेथी पुन्हा माझ्यात. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला मात्र फार मिरवावंसं वाटायचं.

मग नव्या शतकाच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या पातळ झबला पिशव्या आल्या. कोपऱ्यावरचा हातगाडीवाला भाजीबरोबर फुकट द्यायचा. ऑफिसातून येणाऱ्या बायका रिकाम्या हातांनी येऊ लागल्या. "तो देतो की कॅरीबॅग!" म्हणून अंबूबाईकडे पाठ फिरवू लागल्या. ती काही दिवस कुढली आणि शेवटी तिनेही लाल पट्ट्यांच्या पिशव्यांचा गठ्ठा आणला. गिऱ्हाईक टिकलं. पण फुकटची पिशवी हाताशी म्हटल्यावर लोक गरजेपेक्षा जास्त घेऊ लागले. भाजी घरात सडायला लागली आणि परतीचं माझं ओझं वाढलं.

ते ओझं आता मोकळं येईना. वत्सलाबाईंचं घर भारी टापटिपीचं. अंबूबाईनेच दिलेल्या पिशवीत त्या देठ, उरलेला भात, आमटीत भिजलेल्या पोळ्या भरायच्या आणि माश्या बसू नयेत म्हणून वर गाठ मारायच्या. गाठीवर पुन्हा गाठ. मन चांगलं होतं हो त्यांचं, म्हणून तर सांगायला जड जातं. त्यांचं पाहून सगळी कॉलनी गाठी मारायला लागली.

सुरुवातीला अंबूबाई गव्हाणीपाशी बसून एकेक गाठ सोडायची. सुटेना तर दाताने. पण घरात कामं का थोडी असतात? एका दुपारी तिने मला तशीच गव्हाणीत पालथी केली.

"आत्याबाई, पिशव्या काढा ना," छाया म्हणाली. "गिळंल ती."

"जनावराला समजतंय, बाई," अंबूबाई हसली. "नाक हाय तिला. नको ते बाजूला सारती. आपल्यापरीस शहाणी हाय ती."

ती उगाच बोलत नव्हती. बांधावरच्या विषारी धोतऱ्याला ढवळीने कधी तोंड लावलं नव्हतं. पण धोतऱ्याला धोतऱ्याचा वास असतो. या पिशवीला आमटीचा होता. ढवळीने गाठीशी हुंगलं, पिशवीचा कोपरा चाटला, आणि मान वर करून अख्खी पिशवी गिळली. ओरडावंसं वाटलं, पण पाटीला कुठला आवाज? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दारात कुणी गाठ मारलेली पिशवी घेऊन उभं दिसलं, की मी चुंबळीवर थरथरायची. अंबूबाईला वाटायचं, तिचीच मान दुखतेय.

ढवळी गाभण होती. त्यामुळे पोट वाढलं तरी कुणाला शंका आली नाही. मग तिने वैरण सोडली. मग रवंथ थांबलं. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली आणि ती कराकरा दात खात नुसती उभी राहू लागली. अंबूबाईने ओवा घालून तेल पाजलं, दृष्ट काढली. मी गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेली, तिचा श्वास ऐकत. एखादा श्वास लांबला की वाटायचं, संपलं. तिला जे मारत होतं ते माझ्यातूनच घरी आलं होतं, आणि तिला ते गिळताना अख्ख्या घरात मी एकटीने पाहिलं होतं. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटू नये.

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कुशीवर मूठ दाबून पाहिली. "कॅरीबॅगा खाते का ही?"

अंबूबाईने गव्हाणीकडे पाहिलं.

"पोट उघडावं लागेल. वासराचं सांगता येत नाही. गायीचंही नाही."

अंगणात भर उन्हात त्यांनी ढवळीच्या कुशीला भूल दिली आणि ती उभी असतानाच कूस उघडली. खांद्यापर्यंत हात आत घालून ते ओढू लागले. पिशवी, मग तिच्याभोवती पिळलेली दुसरी, मग त्यांचा अख्खा पीळ. ठेवायला काही दिसेना म्हणून छायाने मला पुढे सरकवलं. ते गरम, आंबूस ओझं माझ्यात पडत गेलं आणि मी काठोकाठ भरले. लाल पट्टे अजून स्पष्ट दिसत होते. गाठी तशाच घट्ट होत्या. अंबूबाईने एक गाठ हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"माझ्याच हातच्या पिशव्या गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात भाजी भरली नाही. ते सगळं तसंच डोक्यावर घेऊन ती इंदिरानगरला गेली आणि वत्सलाबाईंच्या दारात तिने मला उतरवलं. त्यांनी नाकाला पदर लावला.

"हे काय आणलंस, अंबूबाई?"

"ढवळीच्या पोटातलं हाय, ताई. पिशव्या मी दिल्या, गाठी तुम्ही मारल्या. भांडायला नाय आले. फक्त बघा."

"अगं, जगली ना ती?"

"उभी हाय. रवंथ नाय करत."

वत्सलाबाई वाकल्या. त्यांना आपली गाठ ओळखू आली असावी, कारण त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या. शेजारणी जमल्या आणि माझ्यात वाकून पाहू लागल्या. त्या दिवसापासून अंबूबाईने कुणाला झबला पिशवी दिली नाही. काही गिऱ्हाइकं हातगाडीकडे गेली. काहींनी माळ्यावरून कापडी पिशव्या शोधून काढल्या.

ढवळी हळूहळू रवंथ करू लागली आणि यथावकाश व्यालीसुद्धा. कालवड झाली. आता तुम्हाला वाटेल, पाटीची भीती गेली असेल. नाही गेली. आमच्या शिवाराला लागून आता बिल्डिंगा उठल्यात आणि वाऱ्याबरोबर तिथल्या पिशव्या शेतात येतात. परवा कालवड अशाच एका पिशवीपाशी गेली. तिने हुंगलं, कोपरा चाटला. मी बांधावर तिच्या अगदी जवळ पडलेली. छाया पाठमोरी मेथी उपटत होती. पिशवी अर्धी आत गेली आणि त्याच क्षणी छाया सहज वळली. ओरडत धावली, जबड्यात मूठ घातली आणि पिशवी खेचून काढली. तिच्या मनगटातून रक्त येत होतं.

ती वळली नसती तर? मित्रांनो, मी अजून तेच धरून बसले आहे. बाजाराला निघालात की घरातली पिशवी घ्या. संपेल तेवढीच भाजी आणा. जनावराला पाला द्यायचा तर मोकळा द्या. कालवड आत्ताही बांधावर चरतेय आणि वारा सुटलाय. तिच्या तोंडातली पिशवी ओढून काढायला मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.