उजवीकडची रेघ

"मंजुळाबाई, जिद नका करू. ही नुसती चमक आहे, बीम नाही," दिवाकर साहेब काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर बोट ठेवून म्हणाले. "पाच वाजता तुमचा स्क्रीन काढतोय. बाहेरून मागवू."

मंजुळाबाई इंगळ्यांना आज कंट्रोल रूममध्ये बोलावलं होतं, ते हे ऐकवायला. इंदूरच्या वेशीवर इलेक्ट्रॉनांना वेग देणारं ते यंत्र होतं, आणि बाई बारा वर्षं त्याचे पडदे बनवत होत्या. नळीतून इलेक्ट्रॉनांचे पुंजके पापणी लवायच्या आत येऊन जात. पडद्यावर जिथे आपटत तेवढी जागा उजळे, आणि बीम कुठे चाललाय ते कॅमेऱ्यातून कळे. पडद्यावरचा पांढरा लेप म्हणजे बाईंचा जीव की प्राण. तो वाळेपर्यंत त्या पंखा लावू देत नसत, आणि कोणी शिंकलाच तर त्याची खैर नसे. मात्र पडदा बसला की त्या कार्यशाळेत परतत. त्यावरचा उजेड त्यांना कधी कोणी दाखवला नव्हता.

आठवडाभर डाव्या कडेला ही चमक दिसत होती. बीम वळवणाऱ्या मॅग्नेटचा नॉब फिरवून ती मध्ये आणायला जावं, तर गायब! मग सगळ्या पदव्यांनी मिळून खापर लेपावर फोडलं.

बाई टीव्हीपाशी वाकल्या आणि एकदम हसल्याच.

"साहेब, पडद्यावर उजवीकडे मी सुईने एक रेघ मारते, बसवताना गडबड नको म्हणून. टीव्हीत तर ती डावीकडे आहे!"

"मतलब स्क्रीन उलटा बसलाय?"

"नाही जी, मी खुद्द उभी होते. तुम्ही मागच्या हफ्त्यात कॅमेरा हलवला ना? आता तो आरशातून बघतोय."

नॉबपाशी बसलेल्या ऑपरेटर नंदूने कपाळावर हात मारला. "अरे भिया! म्हणजे आपणच बीमला रोज बाहेर ढकलत होतो?"

"उलटा घुमव," साहेब पुटपुटले.

नंदूने नॉब उलटा फिरवला. कडेची चमक सरकत आली आणि पडद्याच्या मधोमध वाटाण्याएवढा लख्ख ठिपका येऊन बसला. खोलीत एकच कल्ला झाला. नंदू तर खुर्चीवर चढून नाचला. बाईंना हसूही आवरेना आणि डोळेही. इतका आनंद त्यांना बारा वर्षांत झाला नव्हता.

साहेबांनी आपली खुर्ची टीव्हीसमोर ओढली. "चुकलो मी. बसा, ताई."

साडेपाचला बाईंना घरी नेणाऱ्या महूच्या बसने बाहेर तीनदा हॉर्न दिला. बाईंनी मान वळवली नाही.

"नंदू, ड्रायव्हरला सांग, निघ म्हणावं," साहेब म्हणाले. "मंजुळाबाई बीम बघतायत."