साडेतीनशेच्या अलीकडे आणि पलीकडे

मी भिंगारच्या बाजारातल्या सविताच्या दुरुस्तीच्या दुकानातलं जुनं सोल्डरिंग स्टेशन बोलतोय. एक खोकं, त्यावर तापमानाचा आकडा, वायरीला मूठ आणि मुठीपुढे तापणारं टोक. त्या टोकानं कथील वितळवून तारा जोडायच्या, हे माझं काम.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते वैजनाथकाकांचं टेबल. काका रेडिओ दुरुस्त करायचे. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मला पुतणीच्या, सविताच्या, हवाली केलं. "हे सावकाश तापतं, पण दगा देत नाही," म्हणाले. त्यातला 'सावकाश' मी सोयीनं विसरलो.

गेल्या वर्षी शेजारी नवं स्टेशन आलं. मला तापायला तीन मिनिटं लागतात, त्याला दहा सेकंद. मी फडक्याखाली गेलो. माणसांना वाट पाहायचा किती कंटाळा असतो, ते तिथं कळलं.

एका सकाळी काष्टीच्या छबूबाई आल्या. त्यांचं खिशात ठेवायचं कानाचं यंत्र बंद पडलं होतं, आणि नातीचा, संस्कृतीचा, साखरपुडा चार दिवसांवर आला होता. "समदी बोलत्यात आन् मी नुसती तोंडं बघती," म्हणाल्या.

बॅटरीची जाड पट्टी सुटली होती. जाड धातू टोकाची उष्णता ओढून घेतो. पण नवं स्टेशन लगेच सावरलं आणि पट्टी झकास बसली. मात्र सावरताना ते ठरवलेल्या साडेतीनशे अंशांवर थांबलं नाही, पुढं गेलं. त्याच दमात सविताने ते शेजारच्या बारीक तारेला टेकवलं. तारेखालचा तांब्याचा ठिपका, म्हणजे तार जोडायची जागाच, उखडून निघाली.

"आजी, माझ्या हातून बिघडलं," ती हळूच म्हणाली.

"काय म्हनली?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. 'यंत्रच जुनं आहे' म्हणून तिला सुटता आलं असतं. मला वाटलं, तसंच म्हणेल. ती छबूबाईंच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "माझ्या हातून बिघडलं! मीच नीट करून देते!"

छबूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "मग कर की. मी बसती हितंच."

सविताने माझ्यावरचं फडकं काढलं, मला आणि नव्याला साडेतीनशेवर लावलं, जाड तांब्याच्या पट्टीला टेकवलं आणि टोकांचं तापमान मोजलं. मी दोनशे ऐंशीवर घसरलो आणि परत यायला वीस सेकंद घेतले. वर गेलो ते तीन-चार अंशच. नवं चार सेकंदांत परत आलं, पण तीनशे पंच्याण्णवला जाऊन मग खाली उतरलं. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. ती जाड पट्टी माझ्यानं बसलीच नसती.

मग मला हातात घेऊन तिनं केसासारखी बारीक तार उखडलेला ठिपका सोडून पुढच्या तांब्याच्या रेघेला जोडली. अर्धा तास गेला. छबूबाईंनी यंत्राची वायर कानात घातली.

"आता येतंय का ऐकू?" सविताने पुन्हा ओरडून विचारलं.

"अगं हळू! बहिरी हाय का मी?"

सगळं दुकान हसलं, छबूबाईसुद्धा.

आता आम्ही दोघं शेजारी असतो. जाड काम त्याचं, नाजूक माझं. माझ्या मुठीला तडा गेलाय, त्यावर चिकटपट्टी आहे. स्टेशन घ्यायला गेलात तर किती लवकर तापतं एवढंच विचारू नका. टेकल्यावर किती थंड होतं आणि सावरताना कुठवर जातं, तेही मोजून बघा. आणि माझ्याकडे काम असेल, तर बटण दाबून आधी चहा घ्या. तेवढ्यात मी तयार होतो.