निवांतरावांची बाजू

टेकडीची डावी बाजू मुकादमबाईंची आणि उजवी त्यांच्या नवऱ्याची. वनखात्याच्या कामावर दोघांनी एकाच हंगामात रोपं लावली होती, पण ही माणसं एका घरात नांदतात असं त्या दोन बाजू पाहून कोणी म्हटलं नसतं. बाईंच्या ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ, रोपांभोवती गवताची काडी नाही. नवऱ्याच्या बाजूला रोपं कुठे आणि काटेरी झुडपं कुठे, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यांना सगळे निवांतराव म्हणत. हे नावही बायकोनेच ठेवलेलं.

"अहो, खुरपणी कधी करणार?" बाई वरून ओरडत.

"करू गं! रोपं काय पळून चाललीत?" झुडपाखालून उत्तर येई. दिसत फक्त पाय.

"असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी," असं पुटपुटत बाई पुढची ओळ साफ करायला घेत. राग खरा असे. पण दुपारी डबा घेऊन त्या त्याच झुडपाशी जात, कारण त्यांना इतकं हसवणारं माणूस आयुष्यात दुसरं भेटलं नव्हतं.

निवांतराव गेले, तेही झोपेतच. घाई अशी त्यांनी तेवढी एकदाच केली.

पुढचे उन्हाळे वैऱ्यावरही येऊ नयेत असे आले. पाऊस वेळ पाळेना, ऊन हटेना. बाईंच्या सरळ ओळी सरळच्या सरळ वाळून गेल्या. शेवटी खात्याने ठरवलं, अख्खी टेकडी साफ करायची आणि जास्त उन्हाच्या मुलखातल्या बियांपासून केलेली रोपं लावायची. स्वतःच्या ओळींचं दुःख बाईंनी गिळलं. उजवी बाजू मात्र घशाखाली उतरेना. नवऱ्याचे कपडे कधीच देऊन झाले होते, खाट भाच्याने नेली होती. त्यांचं म्हणावं असं आता ते रानच उरलं होतं, आणि ते कापायला सांगायचं होतं बाईंनीच.

नणंद कापणीचं यंत्र खांद्याला अडकवून उभी होती. "वहिनी, दादाच्या बाजूने सुरू करू?"

"थांब. एकदा आत बघून येते."

"बघायला तिथे आहे काय? दादाने काही लावलं तरी असेल का!"

बाई काटे सारत आत शिरल्या. त्यांना नवऱ्याची झोपायची जागा शेवटची पाहायची होती. पण आधी हाताला लागलं एक गार पान. झुडपाच्या पोटात कमरेएवढं रोप उभं होतं, हिरवंगार. पलीकडच्या झुडपात आणखी एक. त्यापुढेही होतीच. खालची माती अजून ओलसर होती.

"बंद कर ते यंत्र!" बाई अशा ओरडल्या की नणंदेने चालू न केलेलं यंत्रसुद्धा बंद केलं.

खात्याचे तरुण साहेब धावत आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी माती चाचपली. "झुडपांच्या सावलीने जगली ही. आम्हीही असंच करून बघावं म्हणत होतो, धीर होत नव्हता. तुमच्या यजमानांनी मुद्दाम ठेवली होती का झुडपं?"

नणंदेने वहिनीकडे पाहिलं. गेलेल्या माणसाला शहाणं ठरवायची संधी आयती चालून आली होती.

"मुद्दाम कसलं!" बाई म्हणाल्या. "झोपायला सावली हवी होती त्यांना."

नणंद खो खो हसली. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. ते गेल्यापासून त्या इतकं हसल्याच नव्हत्या.

उजवी बाजू वाचली. डावीकडेही आधी झुडपं वाढू द्यायची आणि मग त्यांच्या आडोशाला नवी रोपं लावायची असं ठरलं. साहेब उजवीकडच्या मोकळ्या जागा हेरत पुढे निघाले आणि सगळ्यात मोठ्या झुडपाखाली थांबले. तिथे रोप नव्हतं. माणूस आडवा मावेल एवढी जमीन रिकामी होती.

"इथे एक बसेल," साहेब म्हणाले.

"नको," बाई म्हणाल्या. "तेवढी राहू द्या."

मग डबा काढून त्या तिथेच बसल्या. अगदी कडेला, नेहमीच्या जागी.