अकरा वाजता कोपणारं वळण

"आता!" वळणबाबा ओरडला आणि साठ-सत्तर माणसांनी एकदम श्वास रोखला.

बाबाच्या हातातली तांब्याची सळई थरथरत रस्त्याकडे झुकली. मिनिटभर काहीच झालं नाही. मग उतारावरून एक स्कूटर आली, वळणावर तिचं मागचं चाक सुळकन सरकलं आणि स्वार गाडीसकट कडेच्या गवतात जाऊन बसला. कोपर खरचटलं, बाकी ठीक. गर्दीने हात जोडले ते बाबाला. पडलेल्याला उचलायला मी गेलो, कारण तो माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोरच पडला होता.

"या रस्त्याची नाडी उलटी चालते, बाळांनो!" बाबा सांगत होता. "डांबराखाली जुनी वाट गाडली गेली आहे. ती रागावली आहे. दोन चाकांची स्पंदनं तिला सोसत नाहीत!"

"आणि तीनचाकीची?" एका रिक्षावाल्याने काळजीने विचारलं.

"तीनचाकीची मध्यम," बाबा म्हणाला.

हसायला मला तोंड नव्हतं. 'वाट शांत होवो' असं लिहिलेले बाबाचे गोल स्टिकर छापणारा मीच. आणि माझी बायको, जी शाळेत गणित शिकवते, तिच्या स्कूटरवर त्यातला एक होताच. तरी मागच्या पंधरवड्यात ती याच वळणावर पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. बाबाला विचारलं, तर तो म्हणाला, "स्टिकर होता म्हणून हातावर निभावलं. नाहीतर डोकंच होतं."

"बघ, पटतंय की नाही?" बायको मला म्हणाली. ज्या हाताने ती फळ्यावर प्रमेयं सिद्ध करायची तो गळ्यात बांधलेला, मुलांची परीक्षा तोंडावर आलेली. घाबरलेल्या माणसाशी वाद घालू नये, म्हणून मी गप्प बसलो. तिथेच चुकलं माझं.

त्याच आठवड्यात रस्ते खात्याची एक बाई आली. पिवळं जाकीट, पायात बूट, हातात टॅब्लेट. सहा महिन्यांपूर्वी नवं डांबर पडलेल्या या रस्त्याची सुरक्षा तपासणी तिच्याकडे होती. ती दहा पावलं चालायची, थांबायची, फोटो काढायची, टॅब्लेटवर काहीतरी टिपायची. पट्टीसारखं एक यंत्र रस्त्यावर आडवं ठेवून त्यातला आकडा वाचायची.

"मॅडम, तुमची सळई सपाट कशी?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"ही उतार मोजते," ती म्हणाली. "तुमची काय मोजते?"

"कोप!" बाबा गरजला.

"किती आला?"

गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. बाबाने डोळे मिटून घेतले.

दुपारी ती दुकानात आली. दारावरचा कॅमेरा तिने हेरला होता. मी तो चोरांसाठी लावला होता. चोर काही आले नाहीत, पण रस्त्याचा अर्धा तुकडा त्यात दिसायचा आणि महिनाभराचं चित्रण साठायचं. आम्ही दोघं बसलो आणि प्रत्येक घसरण शोधून तिने तिची तारीख आणि वेळ टॅब्लेटवर भरली. चौदा घसरणी. अकरावी माझ्या बायकोची. ती मागे येऊन उभी राहिली होती आणि तिने स्वतःला पडताना पाहिलं.

रस्ते खात्याच्या बाईंनी बोट फिरवलं आणि चौदा ठिपके पडद्यावर मांडले गेले. विखुरलेले नव्हते. सकाळी अकराच्या पुढेमागे नऊ, संध्याकाळी पाचच्या पुढेमागे पाच. सोमवारी एकही नाही.

"सोमवारी बाबांचं मौन असतं," मी म्हटलं.

"आणि वरचं गाडी धुण्याचं सेंटर सोमवारी बंद असतं," बायको हळूच म्हणाली. गणिताची बाई जागी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला रस्ते खात्याच्या बाईंनी वळणाच्या दोन्ही बाजूंना नारिंगी शंकू ठेवून रहदारी थांबवली. गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट. बाबा थोडा वर, उताराच्या कडेला, आपल्या सतरंजीवर बसलेला.

"बाबा, आज तुम्हीच सांगा कधी ते," बाई म्हणाल्या.

बाबा चुळबुळला. पण एवढी माणसं टक लावून बघत असताना नाही कसं म्हणणार? अकरा वाजून चार मिनिटांनी त्याने कान टवकारले, सळई झुकली. "आता!"

सगळ्यांच्या माना बाबाकडे वळल्या.

"तिकडे नका बघू," बाई ओरडल्या. "रस्त्याकडे बघा!"

तरी दिसेना. नवं काळं डांबर एरवीही चमकायचंच. मग बाईंनी माझ्याकडून घेतलेले कोरे कागद वळणावर ओळीने पसरले. एकेक कागद कडेने काळवंडला, भिजला, डांबराला चिकटला. कडेला बारीक बुडबुडे. मी वाकून वास घेतला. साबण.

"वरच्या सेंटरची टाकी अकराला आणि पाचला रिकामी होते," बाई म्हणाल्या. "पाणी गटारातून येतं. वळणापाशी गटार गाळाने तुंबलंय, म्हणून ते रस्त्यावर चढतं. आणि वळणावर रस्ता आतल्या अंगाला कललेला हवा. इथे तो बाहेर कललाय. हा आकडा बघा. डांबर घालतानाच चुकलंय. वळण चुकीचं, वर साबण. उन्हात पंधरा मिनिटांत वाळून जातं, मग कोणाला काय दिसणार?"

"पण बाबांना आधी कसं कळतं?" रिक्षावाल्याने विचारलं.

कोणी काही बोलायच्या आत माझी बायको बाबापाशी गेली. "जरा उठा," ती म्हणाली, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला म्हणते तशी. बाबा उठला. तिने डाव्या हाताने सतरंजी ओढली. खाली गटाराची लोखंडी जाळी. तिने गुडघे टेकून कान लावला. खालून पाणी खळखळत जात होतं.

ती उठली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मी सावधच करत होतो, ताई," बाबा पुटपुटला. सळई त्याने पाठीमागे लपवली.

"सावध? 'साबण आहे, हळू चालवा' एवढं म्हणायला तोंड दुखत होतं?"

मी मान वळवली, कारण उरलेले स्टिकर दुकानात गठ्ठ्याने पडले होते.

आणि मग जे झालं ते बघून मला कपाळावर हात मारावासा वाटला. सतरंजीभोवतीची गर्दी सरकून टॅब्लेटभोवती जमली. "मॅडम, यात माझ्या मुलीच्या नोकरीचं दिसेल का?" एका आजींनी विचारलं. दुसऱ्याने पडद्याला नुसता हात लावून बघितला.

बाई थकल्यासारख्या हसल्या. "आजी, याला काही कळत नाही. ही वही आहे, जरा महागातली. वेळ लिहिली या दुकानदारांच्या कॅमेऱ्याने, सोमवार ओळखला तुमच्या शिक्षिकेने. तुमच्याकडे कागद-पेन्सिल असती तरी जमलं असतं."

अहवाल त्याच दिवशी फोटोंसकट वर गेला. आठवड्यात गटार उपसलं गेलं, सेंटरच्या पाण्याला वेगळी वाट मिळाली. वळण उखडून पुन्हा घालायला दोन महिने लागले. तोवर 'सावकाश' असा फलक धरून उभं राहायला माणूस हवा होता. आवाज दणदणीत म्हणून ते काम बाबालाच दिलं. त्यानंतर तिथे कोणी पडलं नाही. बायको डाव्या हाताने फळ्यावर लिहायला शिकली आणि तिरक्या अक्षरांत परीक्षेची तयारी पुरी करून घेतली.

आता माझं एवढंच सांगणं आहे. एकाच जागी माणसं पुन्हा पुन्हा पडत असतील, तर कोण कोपलंय ते शोधत बसू नका. कधी पडतात, कुठे पडतात, तेव्हा पायाखाली काय असतं, ते लिहून ठेवा आणि ज्याचं काम आहे त्याला दाखवा. आणि कोणी आधीच सांगू लागला, तर हात जोडण्यापूर्वी त्याला विचारा, "तुला कसं कळलं?" आम्ही साठ-सत्तर माणसं रोज तिथे उभी राहायचो. हा एवढासा प्रश्न महिनाभरात कोणीही विचारला नव्हता.